पिंजरा काढल्यावर

गाडी शर्यतीला लावायची ठरली की पहिली कुऱ्हाड हीटरवर पडते. त्यामागोमाग गालिचे, बंपर, टप, शेजारचं सीट. वजन उतरवायचं असतं, आणि ट्रॅकवर थंडी वाजायला कुणाला सवड नसते. या काढाकाढीला दोन-चार पाने आणि एक रिकामी दुपार पुरते. काढलेला माल गॅरेजच्या कोपऱ्यात पडून राहतो आणि घर बदलताना भंगारात जातो. मग तीस-चाळीस वर्षांनी दुसरं कुणीतरी तोच हीटर शोधत ब्यूलीच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात चिखल तुडवत फिरतं. यंदा ते दुसरं कुणीतरी मी होतो.

माझी एमजीबी स्पोर्ट्सकार १९६५ सालची. अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात जोडलेली, आणि नोकरीपायी साताऱ्याहून निघालेला मी आता त्या गावापासून काही मैलांवर राहतो. आधीच्या मालकाने ती क्लबच्या शर्यतींसाठी सोलून काढली होती. आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा, एकच खोलगट सीट, पाठीमागून येणारे रुंद पट्टे, मूळच्या दोन एसयू कार्ब्युरेटरांच्या जागी एक भलामोठा वेबर, मागची चाकं रुंद बसावीत म्हणून आतल्या कडा ठोकून सपाट केलेले मडगार्ड. रंग गडद हिरवा. एमजी म्हटली की हिरवीच हवी, असा पुष्कळांचा समज असतो. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे कारखान्याच्या नोंदी आहेत. पैसे भरले की आपली गाडी कुठल्या तारखेला, कुठल्या रंगात, काय काय घेऊन बाहेर पडली याचा दाखला ते देतात. माझ्या दाखल्यावर आयरिस ब्लू निघाला. डॅशबोर्डच्या मागे बॅटरी लावून पाहिलं तर तिथे तो होताच. फिकट, किंचित राखाडीकडे झुकणारा निळा. हिरवा फवारणाऱ्याने तिथवर हात घालायचे कष्ट घेतले नव्हते.

त्याच दाखल्यावर हीटर आणि ओव्हरड्राइव्ह हे दोन्ही 'जादा' म्हणून नोंदलेले आहेत. एमजीबी १९६२ साली आली तेव्हा हीटर किमतीत धरलेला नव्हता. इंग्लंडची हवा, उघडी गाडी, आणि हीटरचे पैसे वेगळे! म्हणजे मूळ स्थिती अशी एकच काही नव्हतीच. तारेची चाकंसुद्धा ज्याने मागितली त्याला मिळाली. प्रत्येक गाडी तिच्या पहिल्या मालकाच्या खिशाप्रमाणे आणि हौसेप्रमाणे बाहेर पडली. माझ्या गाडीच्या पहिल्या मालकाने हीटर घेतला एवढ्यावरून मला तो माणूस शहाणा वाटतो. बाकी त्याच्याबद्दल मला काहीही ठाऊक नाही.

खरं काम होतं पिंजऱ्याचं. एमजीबीला वेगळी चासी नाही, आणि उघडी गाडी असल्यामुळे छताचाही आधार नाही. पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवण्याचा मोठा भार दारांखालच्या सिलवर पडतो. सिल म्हणजे नुसती पाय ठेवायची पायरी नव्हे. आतला पत्रा, मधला पत्रा आणि बाहेरचा पत्रा जोडून केलेली ती पेटी असते, आणि इंग्लंडातल्या हिवाळी रस्त्यांवरचं मीठ नेमकं तिच्या पोटात शिरतं. माझ्या गाडीचे सिल बाहेरून गुळगुळीत दिसत होते. वेल्डिंगचं काम करणाऱ्या म्हाताऱ्याने बोटांच्या पेरांनी ते वाजवून पाहिले, मान हलवली, आणि पिंजऱ्याला हात लावण्याआधी दोन्ही दारांच्या चौकटींत चौकोनी पाइपांचे आडवे आधार टाकून ते वेल्ड केले. दाराच्या मागच्या कडेची वरची फट त्याने पट्टीने मोजली आणि आकडा खडूने पत्र्यावर लिहून ठेवला. आधार न देता नळ्या कापल्या असत्या तर गाडी मधोमध खचली असती, ती फट मिटली असती आणि दार पुन्हा नीट लागलं नसतं.

नळ्या निघाल्या, बाहेरचा पत्रा कापला, आणि आत मधल्या पत्र्याच्या जागी तपकिरी चुरा निघाला. इतकी वर्षं गाडी सिलच्या नव्हे, पिंजऱ्याच्या जोरावर ताठ उभी होती. प्लास्टर काढल्यावर आत बारीक झालेला पाय दिसावा तसं ते दृश्य होतं. पिंजऱ्याला मी दोष देत नाही. गाडी उलटली तर माणूस वाचावा म्हणून तो असतो, आणि ते काम तो चोख करतो. पण तो आहे तोवर खालच्या दुबळेपणाची चौकशी करायची कुणाला गरज पडत नाही. नवे सिल बसले, फट पुन्हा मोजली, खडूच्या आकड्याशी ताडून पाहिली, तेव्हा कुठे दारातले आधार कापले.

या सगळ्या खटाटोपात माझ्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली. शर्यतीच्या गाडीला एकच प्रश्न विचारलेला असतो: फेरी किती वेळात? त्याच्या उत्तराआड जे जे येतं ते कापून टाकता येतं, आणि म्हणून ती गाडी करणं एका अर्थी सोपं. रस्त्यावरच्या गाडीला दहा जण दहा गोष्टी विचारतात. शेजारी बसलेलीच्या पाठीचं काय? पहाटे निघालात तर शेजाऱ्यांच्या झोपेचं काय? पावसात, खड्ड्यात, चढावर अडकलेल्या वाहतुकीत काय? सिड एनेव्हरसारख्या अ‍ॅबिंग्डनच्या इंजिनिअरांनी ज्या ज्या ठिकाणी मवाळ भूमिका घेतली, तिथे तिथे असा एखादा प्रश्न दडलेला असतो. आपल्याकडे तडजोड म्हटलं की माघार घेतल्यासारखं वाटतं. ही गाडी उलगडताना मला ती अवघड कारागिरी वाटली.

पुढचे शॉक अ‍ॅब्सॉर्बरच घ्या. एमजीबीत ते नळीसारखे उभे नाहीत. तेलाने भरलेला एक बसका लोखंडी डबा असतो, त्यातून दोन दांडे बाहेर येतात, आणि तेच दांडे चाकाला वरून धरणारे हात म्हणूनही काम करतात. एका वस्तूत दोन कामं. रेसवाले त्यांना नावं ठेवतात आणि शेजारी आधुनिक नळकांडी बसवतात. जोरात, सलग राबवलं की तेल तापून या डब्यांचा दम जातो हे खरंच आहे. पण गावातल्या रस्त्यावर, रबरी बुश आणि मूळच्या मऊ स्प्रिंगांबरोबर, ते इतक्या समजुतीने खड्डा पचवतात की मी कडक स्प्रिंगा आणि प्लास्टिकचे बुश पुन्हा हातात घेऊन पाहिले तेव्हा मला आधीच्या मालकाच्या दातांची काळजी वाटली. मागच्या पाट्यांचंही तेच. आधीच्या मालकाने गाडीची पाठ खाली आणलेली, ती मी पुन्हा वर उचलली.

इंजिनापाशी मात्र साताऱ्याची मदत लागली. आमच्या पेठेतल्या तात्यांनी हयात सरकारी अँबॅसिडरी दुरुस्त करण्यात घालवली. त्यांना व्हिडिओवर इंजिन दाखवलं.

"अरे, हे तर अँबॅसिडरचं इंजिन दिसतंय."

"भाऊबंद आहे, तात्या. तिचं १४८९ सीसी, हिचं १७९८."

ते खरोखरच एका घराण्यातलं आहे. एमजीची मालक कंपनी बीएमसी, तिचं बी-सिरीज इंजिन मॉरिस ऑक्सफर्डबरोबर उत्तरपाड्याच्या कारखान्यात गेलं आणि अँबॅसिडरच्या बॉनेटखाली तहसीलदारांपासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांना फिरवत राहिलं. तेच मोठं होऊन, दोन एसयू लावून, इथे स्पोर्ट्सकारमध्ये बसलं. लाल दिव्याच्या पांढऱ्या गाडीत आणि या निळ्या पोरीत रक्ताचं नातं आहे, हे इथल्या क्लबात सांगितलं की लोक सौजन्याने हसतात.

तात्यांनी चालू इंजिन ऐकलं. "कॅम कुणी बदललाय? आयडलिंगला उड्या मारतंय बघ."

"आधीच्या मालकानं. शर्यतीसाठी."

"शर्यतीत आयडलिंगला उभं कोण राहतंय? तुला सिग्नलला उभं राहायचंय ना?"

एवढ्यात सगळं आलं. शर्यतीचा कॅम व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवतो. आत येणारा आणि बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बराच वेळ एकदम उघडे असतात. वरच्या फेऱ्यांना त्याने श्वास मोकळा होतो, पण खाली इंजिन धापा टाकतं आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून ओकतं. वेबरचंही तसंच. एसयूत हवेच्या ओढीप्रमाणे वरखाली होणारा पिस्टन आपला मार्ग आपणच लहानमोठा करतो, म्हणून ते चौकातल्या रांगेतही शहाण्यासारखं वागतं. मूळच्या मापाचा कॅम बसवला, टॅपेटची फट पंधरा थाऊला, म्हणजे इंचाच्या पंधरा हजारांशांना, ठेवली. थोडी टकटक राहिलीच. ती घालवावी का, असं तात्यांना विचारलं. "राहू दे. आवाज करणारं टॅपेट परवडतं. गप्प टॅपेट व्हॉल्व्ह जाळतं."

क्लबातल्या एका गृहस्थांना हा सगळा उद्योग पटला नाही. एमजीला तुम्ही म्हातारी करताय, असं ते म्हणाले, आणि त्यांच्याकडे पुरावे होते. १९६३ साली ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीला पॅडी हॉपकर्क आणि अ‍ॅलन हचेसन यांनी लांब नाकाची एमजीबी नेली. सुरुवातीलाच हचेसन तिथल्या म्युल्सान वळणाच्या वाळूत रुतले, तासाहून जास्त वेळ स्वतः वाळू उपसत बसले, आणि तरीही ती गाडी बाराव्या क्रमांकावर आली. शिवाय अ‍ॅबिंग्डनच्याच आवारातल्या स्पेशल ट्यूनिंग विभागातून शर्यतीचे कॅम आणि वेबर रीतसर विकत मिळत. कारखाना स्वतःच देत होता, मग ते मूळ कसं नाही? मुद्दा बिनतोड आहे. जी गाडी खरोखर गाजली, जिच्या शर्यतींच्या नोंदी आहेत, तिचा पिंजरा मी कधीच काढला नसता. माझ्या गाडीने गावच्या ट्रॅकवर फेऱ्या मारल्या, एवढंच. ते आयुष्य खोटं नव्हतं, पण ते जपण्यासाठी गाडीने कायमचं एका माणसापुरतं राहावं हे मला मान्य नव्हतं. दुसरं सीट बसल्यावर तिला पुन्हा संगत मिळाली. शर्यतीचा कॅम आणि वेबर मी एका शर्यतवाल्यालाच विकले आणि त्या पैशांतून ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स आला. जुन्या पद्धतीचा, पहिल्या गिअरला सिंक्रो नसलेला. चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर दोनदा क्लच दाबून फेऱ्या जुळवाव्या लागतात.

आता गाडीत असलेलं इंजिन त्याच मालिकेतलं आहे, पण दाखल्यावरच्या नंबराचं नाही. ते मूळ इंजिन कुठल्यातरी शर्यतीत फुटलं असावं. बी-सिरीजचा नंबर ब्लॉकमध्ये कोरलेला नसून एका पातळ पट्टीवर ठोकून ती पट्टी ब्लॉकला रिव्हेट केलेली असते. कोऱ्या पट्ट्या विकत मिळतात. हवा तो नंबर ठोकला की गाडीची किंमत एका संध्याकाळीत वाढते, आणि असं करणारे लोक कमी नाहीत. मला पत्रा नवा चालला, रंग नवा चालला, सीटचं चामडंही नवं चाललं, मग या बोटभर पट्टीवरच का अडलो, असं बायकोने विचारलं. पत्रा कुणाला सांगत नाही की मी पासष्ट सालचा आहे. पट्टी सांगते. आहे त्या इंजिनाचा नंबर मी लॉगबुकात रीतसर बदलून घेतला. परवा एक जण गाडी बघायला आला, बॉनेट उघडताच दाखला मागितला, दोन्ही नंबर ताडून पाहिले आणि लगेच भाव पाडून बोलायला लागला. गाडी विकायची नाहीये, असं सांगून मी त्याला चहा पाजला.