चैत्रातला डोंगर आणि आपण

पाडवा झाला की घराघरांतून दोन बेत सुरू होतात. एक कैरीच्या पन्ह्याचा आणि दुसरा मुलांच्या परीक्षा संपल्यावर कुठंतरी जाऊन यायचा. हल्ली महिला मंडळांच्या सहलीसुद्धा गडकिल्ल्यांवर जातात. शिवाय चैत्र म्हणजे जत्रांचा महिना. कुणी जोतिबाला जातं, कुणी शिखर शिंगणापूरला, तर खानदेशातल्या कितीतरी बायका उन्हातान्हातून पायी सप्तशृंगीच्या गडावर येतात. ‘ट्रेकिंग’ हा शब्द तोंडात नसला, तरी डोंगर आपण चढतोच.

पावसाळ्यात डोंगरावर जपून राहायचं, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. निसरडी वाट, धुकं, ओढ्याचं पाणी, सगळं डोळ्यांना दिसतं. चैत्रात मात्र आकाश निळंभोर, वाट कोरडी, पळस-पांगारा फुललेला. इथं कसली आलीय भीती, असं वाटतं. आणि तिथंच फसगत होते.

उंचावर हवा थंड असते, हे खरं. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं, असं मीही वर्गात शिकवते. पण सह्याद्रीचा काळा कातळ दहा वाजताच तव्यासारखा तापतो. सावलीला झाड नाही, आणि गडावरची पाण्याची टाकी एक तर आटलेली, नाही तर शेवाळलेली. वाऱ्यानं घाम चटकन सुकतो, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते समजतच नाही.

आता एक गोष्ट स्पष्टच लिहिते, कारण ती सहलीच्या सूचनांत कधी छापलेली नसते. बाहेर पडलं की आपण बायका पाणी कमी पितो. का, ते तुम्हाला ठाऊक आहे! गेल्या चैत्रात आमच्या मंडळातल्या एक काकू गड उतरताना मटकन खालीच बसल्या. डोकं दुखतंय म्हणाल्या, हातपाय गळालेले. आम्ही त्यांना कड्याच्या सावलीत नेलं, पदर ओला करून मानेवर ठेवला, मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. तासाभरानं त्या सावरल्या. त्यांची पाण्याची बाटली जवळजवळ भरलेलीच होती. ‘‘अगं, वर जायचं तरी कुठं? सगळीकडे माणसंच माणसं,’’ त्या हळूच म्हणाल्या. कुणालाच काही विचारावं लागलं नाही.

यावर उपाय अवघड नाही, फक्त लाज बाजूला ठेवायला हवी. पायथ्याच्या गावात चढायच्या आधी एखाद्या घरी विनंती करावी. कुणी नाही म्हणत नाही. पिशवीत एक जुनी चादर असू द्यावी. वाटेत आडोसा बघून दोघींनी ती धरली की झालं. आणि मंडळातल्या थोरल्या बाईनं ‘‘चला गं, कुणाला जायचंय?’’ असं आपणहून विचारावं. धाकट्या सुना मग मोकळेपणानं पाणी पितात.

पाणी दरडोई तीन-चार लिटर तरी हवं. त्यातल्या १ लिटरमध्ये ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून न्यावं. चमचा चहाचा. मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं. पदरात कांदा बांधल्यानं ऊन बाधत नाही, या समजावर विसंबू नये. कांदा खायला बरा! कुणी असंबद्ध बोलू लागलं, अंग चटके बसावं इतकं तापलं, तर तो उष्माघात समजावा. अंगावर पाणी घालून वारा घालावा आणि लगेच १०८ ला फोन करावा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

दुपारनंतरची भीती वळवाची. सकाळी निरभ्र असलेलं आकाश तीन-चार वाजता काळं होतं आणि विजा कडाडू लागतात. वीज चमकली की आकडे मोजावेत. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आतच आहे. अशा वेळी माथ्यावर, एकट्या झाडाखाली किंवा लोखंडी शिडीजवळ थांबू नये. १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर अशा शिड्याच आहेत. उन्हासाठी उघडलेली छत्रीही मिटावी. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी पुन्हा वर चढू नये. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं. मुलांकडून ते फोनवर घालून घ्या.

तिसरा धोका वाळक्या गवताचा. त्यावरून पाय तर घसरतोच, पण एक ठिणगी पडली की वणवा पेटतो. ११ मार्च २०१८ ला तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात फिरायला गेलेली मंडळी वणव्यात सापडली. त्यांत बायकाच जास्त होत्या. वीसहून अधिक जणांचा जीव गेला. आग चढावर फार वेगानं धावते, म्हणून तिच्या पुढे वर पळू नये. आडवं जाऊन उघडा कातळ किंवा आधीच जळून गेलेली जागा गाठावी. चूल पेटवायचा हट्ट तर नकोच. धुरानं आग्यामोहोळ उठतं ते वेगळंच.

एवढं सगळं जपायचं, तर सोपा नियम एकच: उजाडताच चढायचं आणि दहाच्या सुमारास उतरणीला लागायचं. वेळ घरूनच ठरवून निघावं. मग कळस समोर दिसत असला, तरी ‘‘आता परत फिरू या’’ म्हणायची मुभा प्रत्येकीला हवी. ‘माझ्यामुळे सगळ्यांचा विरस नको’ म्हणून आपण घरात ताप अंगावर काढतो, जेवायला शेवटी बसतो. ती सवय डोंगरावर नेऊ नका. दमला असाल तर पहिल्यांदा सांगा, तहान लागायच्या आधी प्या. देवी काय, गड काय, पुढच्या वर्षीही तिथंच असणार आहेत.