जुन्या मिलचं कुलूप

सोलापूरला आपण जातो ते चादरी घ्यायला. मैत्रिणींनो, खरेदी आटोपली की ‘जुन्या मिल’च्या भागातूनही एक चक्कर मारून या. ऑगस्ट १९४९ मध्ये ही कापडगिरणी बंद पडली. कापड थांबलं, बेकारी वाढली, म्हणून जानेवारी १९५० मध्ये सरकारनं वटहुकूम काढून कारभार हाती घेतला. एक भागधारक थेट सुप्रीम कोर्टात गेला; डिसेंबरात निकाल सरकारच्या बाजूनं लागला. नागरिकशास्त्राच्या तासाला मी मुलांना हे आवर्जून सांगते. पुढे मात्र गिरणी कायमची थांबली. आज सोलापुरात कितीतरी बायका विड्या वळून संसार ओढतात. कारखान्याचं कुलूप हुकमानं निघतं हो, पण दरमहा पगार घरी येत राहिला, तरच तो उघडला म्हणायचा!