शीग आणि सपाट

आजीच्या पडवीत फळीवर पाच मापं ओळीनं असत. चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. पाढे पाठ व्हायच्या आधी ही दुप्पट माझ्या हातांना पाठ झाली. मोजताना आजी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे. शेजारी कुणी उसनं मागायला आलं तर शीग लावून देई आणि परत घेताना वरून हात फिरवून सपाट करून घेई.

पुढे पुण्यात एका डीटीपी सेंटरात मुद्रितं तपासायला जाऊ लागले. दिवाळी अंकांचे दिवस, टेबलावर फ्लॉप्यांचा ढीग. ऑपरेटर मुलगा प्रत्येक फ्लॉपी उचलून 'ही सातशेवीसची, ही तीनशेसाठची' असं बोलायचा, आणि मला फळीवरची मापं आठवायची. कारण इथलीही उतरंड तशीच होती: १८०, ३६०, ७२०, १४४०, २८८० किलोबाइट. सव्वापाच इंची चकतीची एकच बाजू वापरली की १८०. ती दोन्ही बाजूंनी लिहिली की ३६०. साडेतीन इंचीत चाळीसऐवजी ऐंशी वर्तुळं आखली की ७२०. त्याच वर्तुळात नऊऐवजी अठरा सेक्टर बसवले की १४४०. शेवटची २८८०ची पायली बाजारात आली खरी, पण मी ती कधी हातात धरलेली नाही. चालली नाही फारशी.

धान्याच्या मापांपेक्षा एकच गोष्ट उलटी. इथं माप वाढत गेलं तसं भांडं लहान होत गेलं. आयबीएमनं १९७१ साली काढलेली पहिली फ्लॉपी आठ इंची होती, ताटलीएवढी, आणि त्यात मावायचे जेमतेम ८० किलोबाइट. मोठ्या संगणकाला सुरू होताना लागणाऱ्या सूचना तेवढ्या त्यात असत. त्यावर लिहिता येत नसे, फक्त वाचता येई. दोन वर्षांनी लिहिता येणारी आली. तिच्यात १२८ बाइटच्या १,८९८ नोंदी राहत. एका भोकपाडी कार्डाची एक नोंद धरली, तर कार्डांचा जवळजवळ एक अख्खा खोका एका ताटलीत रिकामा झाला.

या उतरंडीत न बसणारं एक माप होतं, १.२ मेगाबाइटचं. सव्वापाच इंचीच, पण १९८४च्या आयबीएम एटीबरोबर आलेलं, मिनिटाला तीनशेऐवजी तीनशेसाठ फेरे घेणारं. त्यानं आम्हाला फार छळलं. त्याच्या ड्राइव्हचं हेड बारीक. जुन्या ३६०च्या फ्लॉपीवर त्यात काही दुरुस्ती केली की नवा मजकूर रुंद सरीच्या मधोमध बारीक रेघ ओढल्यासारखा बसे आणि कडेला जुना तसाच राही. मग ती फ्लॉपी जुन्या मशीनवर नेली की त्याचं रुंद हेड दोन्ही एकदम वाचायला जाई आणि काहीच वाचत नसे. एका कथेची अशी दुरुस्त प्रत घेऊन मी भर पावसात छापखान्यात गेले होते. पडद्यावर ओळ उमटली: ॲबॉर्ट, रीट्राय, फेल. मी तीन वेळा रीट्राय केलं. माणूस करतोच.

आणि ते '१.४४'. या आकड्याची मला अजून गंमत वाटते. फ्लॉपीत असतात १४,७४,५६० बाइट. हजाराच्या हिशेबानं ते १.४७ मेगाबाइट, १०२४च्या हिशेबानं १.४१. मग १.४४ कुठून आलं? एकदा १०२४नं भागून आणि पुढच्या वेळी १०००नं भागून. म्हणजे अर्धी शीग, अर्धं सपाट. आजीनं असं माप परत पाठवलं असतं. खोक्यावर तर 'दोन मेगाबाइट' छापलेलं असे. ते फॉरमॅट मारण्याआधीचं, न निवडलेल्या धान्याचं वजन. फॉरमॅट झाल्यावरही ३३ सेक्टर फ्लॉपी स्वतःच्या हिशेबासाठी ठेवून घेई आणि आपल्या हाती उरत १४,५७,६६४. गिरणीवाला दळणात घट धरतो तसं.

मला मात्र किलोबाइट कधी कळले नाहीत. मी मोजायची ते कथांत. एक दीर्घकथा, दोन ललित, कवितांचं पान, आणि त्यांच्याबरोबर फॉन्टची फाइल, कारण ती विसरली की छापखान्यात 'आई'च्या जागी डोक्यावर टिंबं असलेले परदेशी स्वर उमटत. तेव्हाच्या फॉन्टांत अक्षराचा एकेक तुकडा एका बाइटमध्ये बसे. आता युनिकोडच्या नेहमीच्या फाइलमध्ये मराठीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट खातो. काना, वेलांटी, अनुस्वारसुद्धा. इंग्रजी अक्षर पूर्वीसारखंच एका बाइटमध्ये भागवतं.

परवा पावसात घरी बसले होते, वहीवर हिशेब मांडला. ज्ञानेश्वरीच्या साधारण नऊ हजार ओव्या. ओवीला दंड, मोकळ्या जागा धरून ऐंशी चिन्हं. जुन्या पद्धतीनं सात लाख वीस हजार बाइट, १.४४च्या फ्लॉपीत सगळी ज्ञानेश्वरी मावून वर जवळजवळ तेवढीच जागा शिल्लक. आजच्या पद्धतीनं मात्र ती अठरा लाखांच्या पुढे जाते. म्हणजे दोन फ्लॉप्या लागणार. पहिली शिगोशीग, दुसरी अर्धीही भरलेली नाही, आणि पसायदान त्या दुसरीत.

छापखान्यात न उघडणारी फ्लॉपी बहुतेक वेळा दुसरीच असायची.