साडू आणि त्रिकोण

शाळेत भूमितीने माझा जेवढा छळ केला तेवढा पुढे संसारानेही केला नाही. ‘पाया व त्यावरील दोन कोन दिले असता त्रिकोण काढा’ असा प्रश्न आला की मी पेन्सिलीला टोक काढायला जो बाहेर पडे, तो घंटा झाल्यावरच परत येई. असले त्रिकोण काढून कुणाचं भलं झालंय, असं मला वाटे.

झालंय हो! १८०२ साली लॅम्ब्टन नावाच्या साहेबाने मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची एक रेषा मोजली. अशा रेषेच्या दोन्ही टोकांवरून लांबची खूण पाहून कोन मोजले, की ती खूण किती दूर आहे हे तिथे न जाता समजतं. मग त्रिकोणाला त्रिकोण जोडत मोजणी उत्तरेकडे निघाली. साहेब १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारला. मोजणी मात्र थांबली नाही. १८५६ साली एव्हरेस्टची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली, तीही शिखराला कुणाचा पाय लागण्यापूर्वी!

पण मला खरी भूमिती शिकवली ती माझ्या साडूंनी. आम्ही टेकडीच्या पूर्वेला राहतो, ते दक्षिणेला. आमचं एकाही विषयावर एकमत नाही. गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी टेकडीवर धूर दिसला. वाळलेलं गवत, त्यात वारा, आणि वर कुठेतरी झाडांच्या राखणदाराचं खोपटं; घरात दोन लहान पोरं. मी बंबवाल्यांना फोन लावला.

“टेकडीवर नक्की कुठं?”

“आमच्या खिडकीच्या अगदी समोर!”

“साहेब, टेकडी दोन मैल लांब आहे. वर जायला तीन रस्ते आहेत. कुठल्यानं येऊ?”

मी सौ.ला खिडकीशी बोलावलं. तिनेही देवळाच्या कळसावर बोट ठेवून “अगदी समोर!” म्हणून सांगितलं. लग्नानंतर प्रथमच आमचं एकमत झालं, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता! धूर कळसाच्या रेषेत आहे हे कळलं, पण त्या रेषेवर किती आत, ते कसं कळणार? सौ.ने तडक बहिणीला फोन केला. तो साडूंनीच घेतला.

“समोर कसली? आमच्या गच्चीतून आग पाण्याच्या टाकीच्या बरोब्बर वर दिसतेय! तुम्हाला कधी नीट दिसलंय का?”

मी उत्तर न देता शहराचा नकाशा पसरला. आमच्या घरापासून कळसावरून एक रेघ ओढली, त्यांच्या घरापासून टाकीवरून दुसरी. आमचं कायमच काटकोनात, त्यामुळे रेघांनी एकमेकींना अगदी स्वच्छ छेद दिला. समांतर जाणाऱ्या स्नेह्यांच्या रेघा छेदल्या असत्या तरी कुठे, हे सांगणं कठीण!

“जुन्या खाणीच्या वर, नाल्याच्या डोक्याशी. खाणीच्या रस्त्यानं या!”

बंब वेळेत पोहोचला. निम्मी रोपं जळाली, पण खोपटं वाचलं. पोरं तेवढी धुराने खोकत होती.

रात्री साडूंचा फोन आला. “टाकीच्या वर म्हणालो होतो की नाही?”

“कळसाच्या रेषेत होती,” मी म्हटलं.

“अहो, पुरे,” सौ. म्हणाली, “पाया आम्हा बहिणींचा आहे, म्हणून तुमचे कोन!”

ह्यावर मात्र आम्हा दोघा साडूंचं एकमत झालं.