बोरीच्या पारावर बुडतं हैदराबाद

परभणीहून जिंतूरची बस निघाली तेव्हा दारापर्यंत माणसं उभी होती. झरीला गर्दी जरा ओसरली आणि खिडकी मिळाली. दोन्ही बाजूंना काळं रान, शेंगा धरलेलं सोयाबीन, मधूनच तुरीची तासं. पिशवीत दोन पुस्तकं होती. एक हैदराबाद संस्थानचे शेवटचे पंतप्रधान मीर लायक अली यांचं, दुसरं त्यांचे सेनापती एल एद्रूस यांचं. शेजारी ठेवून वाचली की एकाच कज्ज्यातल्या वादी-प्रतिवादींच्या कैफियती वाटतात. पंतप्रधानांचा रोख सेनापतीच्या नाकर्तेपणावर, तर सेनापतीचं म्हणणं, फौजेची अवस्था मला ठाऊक होती, पण ऐकतो कोण?

राजधानीतलं हे भांडण मला राजधानीपासून लांब बसून वाचायचं होतं. बोरी त्याला बरी. इथून वर, जिंतूर ओलांडून गेलं की पूर्वी वऱ्हाडची हद्द लागायची आणि निजामाचा अंमल संपायचा.

बोरीला उतरलो. फाट्यावर चहा घेतला आणि गावात पारावर जाऊन बसलो. शेजारी एक आबा होते, नव्वदीकडे झुकलेले. काय वाचता म्हणाले. सांगितलं.

"पोलीस अ‍ॅक्शनचं व्हय? वाचा की मोठ्यानं."

मग मराठीत सांगत गेलो. ऑक्टोबर 1947. भारताशी ‘जैसे थे’ करार करायचं पंतप्रधान छत्तारीच्या नवाबांनी जवळजवळ पक्कं केलं होतं. 27 तारखेच्या पहाटे इत्तेहाद या मुस्लिम संघटनेच्या हजारो लोकांनी त्यांच्या घराला वेढा घातला. दिल्लीला निघालेलं शिष्टमंडळ जागीच थांबलं. जमाव इत्तेहादचे नेते कासीम रझवींचा. लातुरात वकिली करणारा हा माणूस कुठल्याही सरकारी पदावर नव्हता, तरी त्या पहाटे पंतप्रधान कोण राहणार हे त्यानेच ठरवलं. छत्तारी गेले. 29 नोव्हेंबरला करार झालाच, जवळपास त्याच अटींवर! मग एवढा वेढा कशासाठी? माझं मत असं की अटींशी रझवींना फारसं देणंघेणं नव्हतं. दौलतीत शब्द कुणाचा चालतो, हे त्यांना दाखवायचं होतं.

त्यानंतर आले लायक अली, उद्योगपती. त्यांचे मेहुणे मोईन नवाज जंग हेही मंत्रिमंडळात. निजाम मीर उस्मान अली दिल्लीला सांगायचे की रझवींचे सशस्त्र स्वयंसेवक, रझाकार, माझं ऐकत नाहीत. आणि त्याच रझाकारांच्या धाकावर दिल्लीकडून सवलती मागायचे. लायक अलींना रझवी जड होत होते, पण त्यांच्याशिवाय खुर्ची टिकत नव्हती.

आबांनी मध्येच कनवटीची चंची सोडली. सुपारीच्या खांडांतून एक चांदीचा रुपया काढून माझ्या तळहातावर ठेवला. एका बाजूला चारमिनार, त्याच्या कमानीत उस्मान अलींच्या नावाचं पहिलं अक्षर, ऐन. कडा झिजून गुळगुळीत. हाच तो हाली शिक्का. सात हालींना सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचे रुपये, असा भाव असायचा. त्याच सरकारने करार होताच संस्थानात कलदार चलनाला बंदी केली आणि पाकिस्तानला 20 कोटींचं कर्ज देऊ केलं. एवढ्यावरूनही दिल्लीशी वाजलं.

"तवा सरकार कोण, ते काय कळायचं हो?" आबा म्हणाले. "जो दारात येईल तो सरकार."

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा सोलापूरसह अनेक बाजूंनी आत शिरल्या, तीच ती पोलीस अ‍ॅक्शन. जीना दोनच दिवस आधी वारले होते. पॅरिसमध्ये सुरक्षा समितीपुढे मोईन नवाज जंग 16 तारखेला दाद मागत होते आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी इकडे मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. संध्याकाळी निजाम रेडिओवरून बोलले आणि रझाकारांवर बंदी आल्याचं जाहीर झालं. 18 ला एल एद्रूस जनरल चौधरींना शरण गेले. पाच दिवसांत सगळे मोकळे झाले, ते एकमेकांना दोष द्यायला.

गावांना मात्र तशी मोकळीक नव्हती. आधी रझाकारांनी लुटलं, मारलं, जाळलं. नंतर सूड उगवला तो रझाकारीशी संबंध नसलेल्या मुसलमानांवरही. पंडित सुंदरलाल समितीने मेलेल्यांचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला. मी आकडा सांगितला तेव्हा आबा काही बोलले नाहीत. मराठवाड्यात 17 सप्टेंबरच्या, मुक्तिदिनाच्या भाषणांतही हा भाग सहसा येत नाही. यायला हवा.

"त्या वकिलाचं काय झालं?"

1957 पर्यंत तुरुंग, मग पाकिस्तान. लायक अलीही 1950 च्या मार्चमध्ये नजरकैदेतून निसटून तिकडेच गेले.

"आन् निजामाचं?"

26 जानेवारी 1950 पासून ते हैदराबाद राज्याचे राजप्रमुख झाले. 1956 पर्यंत होते.

आबांनी रुपया परत घेतला, चंचीत टाकला, दोरी आवळली. "आमच्या घरची पाटीलकी गेली," ते म्हणाले, "आन् त्याची ऱ्हायली व्हय!" आणि खो खो हसत त्यांनी जिंतूरची गाडी किती वाजता आहे ते मला सांगितलं.