श्रावणबाळाची कावड

वडगाव म्हटले की पुष्कळांस १७७९ सालचा तह आठवतो. तो मावळातल्या वडगावचा. आमचे पेठ वडगाव कोल्हापूर जिल्ह्यातले. सोमवारच्या बाजाराचे आणि सेनापती धनाजी जाधवांच्या समाधीचे. या गावी आमच्या थोरल्या आत्याबाई, ज्यांस सारे घर आक्का म्हणते, दोन वर्षे अंथरुणाला खिळून आहेत. मूलबाळ नाही, यजमान केव्हाच गेले, आणि आम्ही भाचे पडलो नोकरीपायी पुण्याला.

आक्कांना सरकारकडून दरमहा १,५०० रुपये मिळतात. योजनेचे नाव श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. हे नाव ज्याने सुचविले त्याच्या रसिकतेचे आम्हांस कौतुक वाटते. मात्र श्रावणाने आंधळ्या मायबापांस पैसे पाठविल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. त्याने खांदा दिला, आणि पाणी आणावयासही तोच गेला. सरकारी श्रावण बँकेत रक्कम जमा करून मोकळा होतो.

रकमेस आम्ही नावे ठेवीत नाही. २०२३ च्या जुलैपूर्वी ती १,००० होती, त्याआधी आणखी कमी. पण आक्का हिंडत्याफिरत्या होत्या तेव्हा त्या पैशांनी सोमवारी स्वतः भाजी निवडून आणीत, आणि आम्ही गेलो की "माझ्या पैशाची आहे, लाजू नका" म्हणून आग्रहाने वाढीत. त्या मानाची किंमत रुपयांत व्हावयाची नाही.

अंथरूण धरल्यावर गरजच पालटली. निजलेल्या माणसास दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे आम्ही पुस्तकात वाचले नाही, आक्कांच्या पाठीवर वाचले. अंग पुसणे, लुगडे बदलणे, भांडे देणे, पेज घोट घोट पाजणे, या कामांना हात लागतो. तो हात शेजारच्या मामींचा. त्या सकाळ-संध्याकाळ येतात, मधून मधून डोकावतात. आक्कांचे १,५०० रुपये त्यांच्याच हाती जातात. म्हणजे दिवसाचे ५०. आम्ही वर काही देऊ केले. ते त्यांनी घेतले, पण बोलल्या ते जिव्हारी लागले: "पैसं द्या न्हाईतर नका देऊ, पर एक म्हयना हितं येऊन ऱ्हावा. मलाबी पाठ हाय."

मामींच्या पाठीचा हिशेब कोणत्याच कागदावर नाही. आशाताई येते, आपुलकीने विचारपूस करते, नाव लिहून नेते. तिच्यामागे साऱ्या गल्लीची कामे. २०१० साली निघालेल्या वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात अंथरुणावरच्यांस घरी जाऊन पाहावे असे लिहिलेले आहे. २०२४ पासून सत्तरी गाठलेल्यांस इस्पितळातील उपचारांसाठी वर्षाला ५ लाखांपर्यंतची हमीही मिळाली. म्हणजे आक्का इस्पितळात दाखल झाल्या तर लाखांची गोष्ट, आणि घरी राहिल्या तर १,५०० ची. आक्कांना घरीच राहावयाचे आहे.

जपानात २००० सालच्या एप्रिलपासून यासाठी स्वतंत्र विमा आहे. चाळिशीपुढचे लोक वर्गणी भरतात, जवळजवळ तितकीच भर करांतून पडते. माणसाला मदत किती हवी हे घरी येऊन ठरवितात, आणि मग न्हाऊ घालणारी माणसे चक्क टब घेऊन दारात हजर होतात! गृहस्थाने खर्चाचा दहावा हिस्सा द्यावयाचा, ऐपत असल्यास अधिक. जपान श्रीमंत आहे, हे खरे. परंतु केरळासही २००८ च्या धोरणानंतर पंचायतींमार्फत परिचारिका घरोघर धाडता आल्या. हातकणंगले तालुक्यात ते का होऊ नये? मामींसारख्या चार बायांना रीतसर शिकवून पगार दिला, तर एकीची पाठ तरी वाचेल.

गेल्या आठवड्यात मामी लेकीकडे गेल्या, तेव्हा आम्ही आठ दिवस वडगावी राहिलो. पहिल्या रात्री आक्कांना वळविताना त्या कळवळल्या. "नीट धर रे, पोतं आहे का मी?" तिसऱ्या रात्री काही बोलल्या नाहीत, तेव्हा आम्हांस परीक्षेत पास झाल्यासारखे वाटले. आठव्या दिवशी कंबर धरली होती.

मामी परतल्या त्या संध्याकाळी आम्ही पिशवी भरली. वाठारच्या फाट्यावरून पुण्याची गाडी धरावयाची होती. "आता कधी?" आक्कांनी विचारले. आम्ही सोमवार सांगितला. कोणता, ते त्यांनी विचारले नाही.