डाळभाताचे बळ

आमच्या धर्मग्रामातील तरुण व्यायामशाळेत जाऊ लागले आहेत, ह्याचा आम्हांला आनंद आहे. परंतु एका मातेने सांगितले, "फादर, पोराची निम्मी मजुरी पावडरीच्या डब्यात जाते." तेव्हापासून हा विषय आमच्या मनात घोळत आहे.

वजन उचलताना स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. ती भरून निघते नंतरच्या विश्रांतीत. ह्या डागडुजीचे साहित्य म्हणजे प्रथिने. डाळीत मेथिओनिन कमी, तांदळात लायसिन कमी. दोन्ही एकत्र आली की परस्परांची उणीव भरून काढतात.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधील एका अभ्यासात ३८ तरुणांनी बारा आठवडे व्यायाम केला. निम्मे केवळ वनस्पतिजन्य आहार घेणारे, निम्मे मिश्राहारी. सर्वांना शरीराच्या दर किलोमागे रोज १.६ ग्रॅम प्रथिने मिळतील अशी व्यवस्था होती; एकांना सोयाची, दुसऱ्यांना दुधाची पूरक प्रथिने दिली होती. स्नायूंच्या वाढीत फरक आढळला नाही.

ह्या हिशेबाने साठ किलोच्या तरुणास ९६ ग्रॅम लागतात. केवळ पातळ वरणावर ते भागणार नाही, हेही खरे. शंभर ग्रॅम सुक्या डाळीतून सुमारे २२, पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांतून १२, तितक्याच सोयावड्यांतून २५. उरलेली भाकरी, भात आणि भिजवलेल्या चण्यांतून. हे सारे गावच्या वाण्याकडे मिळते.

तरुण मित्रांनो, बळ अवश्य कमवा. मात्र त्यासाठी घरची चूल थंड पडू देऊ नका.